बंदुकीचा परवाना: अर्ज, कागदपत्रं आणि निवडणुकीत बंदूक जमा करण्याचा नियम

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आठवड्याभरात कोकणातल्या आमच्या वाडीतल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात गेल्या. आमच्या मतदारसंघात मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला. काजूचा हंगाम त्याआधीच संपला होता. बागेत माकडं, गवे आणि साळिंदरं मोकळी होती, राखणीला फक्त डबे वाजवणारी माणसं. पुढे १५ ऑक्टोबरला विधानसभा जाहीर झाली, तेव्हा भात कापणीला आलेलं. पुन्हा तेच.

दोन्ही वेळी लेखी नोटीस कुणालाही मिळाली नव्हती. ‘बंदुका आणून द्या’ असा तोंडी निरोप आला आणि आम्ही निमूट नेऊन दिल्या. सरसकट जमा करून घेणं नियमात बसत नाही, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी त्यानंतर कायदा आणि नियम वाचून काढले. गावातल्या तीन-चार जणांचे नवे अर्ज, वारसांचे अर्ज भरायला मदत केली. त्यातून जे समजलं ते इथे लिहितो आहे.

आधी पाया: हा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा तिथल्या राज्यघटनेने दिलेला व्यक्तिगत हक्क असल्याचं म्हटलं आणि २०२२ मध्ये तो घराबाहेरही लागू केला. आपल्याकडे तसं कलम नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो घालायची दुरुस्तीही मांडली, पण डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती मान्य झाली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांविषयीच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक स्पष्ट बोलून दाखवला.

म्हणून आपल्याकडे जे मिळतं ते शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांतून. पण हक्क नाही याचा अर्थ अधिकाऱ्याची मर्जी असाही नाही. परवाना नाकारायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि मागितलं की सांगावं लागतं. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच ते राखून ठेवता येतं. तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावर अर्ज फेटाळता येत नाही, हे कायद्याच्या कलम १४ मध्येच लिहिलं आहे. गरीब कुळांना मी हे मुद्दाम सांगतो. ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून ती अर्जच करत नाहीत.

कोणाला मिळू शकतो

वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं थांबावं लागतं. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड ज्याच्याकडून घेतला आहे, त्याला बाँडच्या मुदतीत शस्त्र बाळगता येत नाही. मानसिक स्थिती ठीक नसेल तरही नाही.

पुढचा भाग शेतकऱ्याने नीट वाचावा. कलम १३ मध्ये दोन वेगळे रस्ते आहेत. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक, किंवा संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक (आपली बारा बोअरची त्यातलीच) मागितली, तर कायद्याची भाषा ‘परवाना देईल’ अशी आहे, म्हणजे द्यायलाच हवा. अर्थात नाकारण्याची कलम १४ मधली कारणं लागू नसतील तर. ठासणीची बंदूक पिकाला पुरत नाही हे पटवून दिलं, तर त्याच कलमात दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची सोय आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा रायफलला मात्र ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जिवाला वा मालमत्तेला खरा धोका असणारे, नेमबाजी क्लबचे किमान दोन वर्षं सक्रिय असलेले खेळाडू, आणि गरज दाखवू शकणारे सैन्यदल, निमलष्करी दल व पोलिसांतले लोक यांचा तिथे विचार होतो. शेताच्या राखणीसाठी रिव्हॉल्व्हर मागणारा अर्ज मी पाहिला आहे. तो फेटाळला गेला आणि ते बरोबरच होतं.

एका माणसाला आता जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. २०१९ च्या निवडणुकीनंतर नव्या लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात मूळ प्रस्ताव एकाच बंदुकीचा होता. खासदारांनी आणि काही राज्यांतल्या नेत्यांनी हरकत घेतली, विशेषतः वडिलोपार्जित बंदुकांमुळे, आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर होताना आकडा दोन झाला. परवान्याची मुदतही तेव्हाच तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नात, वरातीत निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ही तरतूदही त्याच दुरुस्तीतली. मतपेटीतून निघालेली माणसं आपल्या खुंटीवरच्या बंदुकीचा हिशेब कशी बदलतात, ते इथे दिसतं.

अर्ज कुठे, कसा

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत, म्हणजे मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर वगैरे ठिकाणी, पोलीस आयुक्तांकडे. बाकी सगळीकडे जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे. गोव्यातही आपापल्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. अर्जाचा नमुना ए-१. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर भरता येतो. प्रत्येक परवानाधारकाला एक युनिक ओळख क्रमांक मिळतो, त्याला सगळे ‘यूआयएन’ म्हणतात. जुन्या पुस्तिकेवर हा क्रमांक पडलेला नसेल तर तो परवाना वैध धरत नाहीत. आजोबांच्या काळच्या पुस्तिका कपाटात जपून ठेवणाऱ्यांनी हे आजच तपासावं.

अर्जासोबत लागतात ती कागदपत्रं:

- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- जन्मतारखेचा पुरावा
- आधार कार्ड. ते नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि दुसरं ओळखपत्र
- राहत्या पत्त्याचा पुरावा
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र: शारीरिक व मानसिक तंदुरुस्ती आणि व्यसन नसल्याचा उल्लेख
- शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र
- बंदूक घरात सुरक्षित, कुलपात ठेवण्याची हमी

पीक राखणीसाठी अर्ज असेल तर सातबारा आणि आठ-अ जोडाच. त्याहून मोलाचे कागद म्हणजे वन खात्याने केलेले नुकसानीचे पंचनामे आणि भरपाईच्या अर्जांच्या पोचपावत्या. पुष्कळ जण ‘भरपाई मिळते तुटपुंजी, कशाला हेलपाटे’ म्हणून पंचनामाच करत नाहीत. मग बंदुकीची गरज दाखवायला हातात कागद राहत नाही. दोन-तीन हंगामांचे पंचनामे असलेला अर्ज आणि नुसत्या ‘डुकरांचा त्रास आहे’ या वाक्याचा अर्ज, यात कोणता टिकेल हे उघड आहे.

अर्ज गेला की तुमच्या पोलीस ठाण्याकडे चौकशी येते. नियमानुसार अहवालासाठी ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यापासून निर्णयासाठी ६० दिवस. प्रत्यक्षात अनेकदा जास्त लागतात, म्हणून पोचपावतीची तारीख जपून ठेवा आणि मुदत उलटली की लेखी विचारणा करा. चौकशीला बीट हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो. बांधावरून भावकीत भांडण असेल आणि त्याची अदखलपात्र नोंद ठाण्यात असेल, तर ती अर्जात लपवू नका. लपवलेली नोंद सापडली की अर्ज तिथेच संपतो, सांगितलेल्या नोंदीचा निदान विचार होतो.

नकार आला तर ३० दिवसांत अपील करता येतं. आदेशाची प्रत हातात मिळाली ती तारीख त्यावर लिहून ठेवा.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असं समजू नका. गवा आणि डुक्कर दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतात. पिकात शिरलेलं डुक्कर मारायलाही वन खात्याची वेगळी परवानगी लागते. गव्याच्या बाबतीत हवेत बार काढून हुसकावण्यापलीकडे जाऊच नये.

निवडणूक लागली की

इथे न्यायालयाचा निकाल आपल्या थेट उपयोगाचा आहे आणि तो आपल्याच शेजारचा, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आहे. २००९ मध्ये गोव्यातल्या परवानाधारकांच्या बंदुका निवडणुकीसाठी जमा करण्याचा प्रश्न तिथे गेला. न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार व्हायला हवा, आणि त्यासाठी पद्धत घालून दिली. १ सप्टेंबर २००९ रोजी निवडणूक आयोगाने ती सूचना म्हणून सगळ्या राज्यांना कळवली. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही सरसकट आदेशाने बंदुका जमा करायला लावू नयेत, असं पुन्हा बजावलं.

ती पद्धत अशी. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असते, आयुक्तालयात पोलीस आयुक्त व त्यांचे वरिष्ठ अधिकारी. निवडणूक जाहीर झाली की समिती परवानाधारकांची यादी तपासते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत सामील असलेले अशांकडे प्रामुख्याने पाहायचं. ही यादी उदाहरणादाखल आहे, समिती इतर कारणंही विचारात घेऊ शकते. ज्याची बंदूक जमा करायची त्याला वैयक्तिक नोटीस. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत बंदूक जमा करायची आणि ठाण्याने रीतसर पावती द्यायची. निकालानंतर एक आठवडा झाला की बंदूक परत. बँकांचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धांत उतरणारे राष्ट्रीय रायफल संघटनेचे नेमबाज यांना सूट आहे. पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचं नाव मात्र त्या सवलतीत नाही, आणि मला वाटतं ते असायला हवं.

सूट नाही म्हणून मार्ग नाही असं नव्हे. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, अंदाज आला की छाननी समितीच्या नावाने साधा अर्ज द्या: परवाना क्रमांक, यूआयएन, कोणतं पीक सध्या उभं आहे, गेल्या हंगामाचे पंचनामे, माझ्यावर कोणताही गुन्हा नाही आणि कोणत्याही पक्षाच्या प्रचारात मी बंदूक बाळगणार नाही असं निवेदन. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. लेखी नोटीस नसताना तोंडी निरोप आला, तर नम्रपणे लेखी आदेशाची प्रत मागा. मात्र नोटीस हाती आली की वाद घालत बसू नका. सात दिवसांत जमा करा, कारण आदेश मोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा ठरू शकतो. समितीचा निर्णय खटकला तर दाद उच्च न्यायालयात.

दोन गोष्टींत गल्लत होते. आचारसंहितेच्या काळात बंदूक घेऊन बाहेर फिरण्यावर जिल्हादंडाधिकारी बंदी घालतात, ती सगळ्यांना लागू असते आणि पाळायलाच हवी. बंदूक ठाण्यात जमा करणं हा वेगळा आदेश आहे.

जमा करताना पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. नळीला गंज नाही, लाकूड फुटलेलं नाही, हे शब्दांत यायला हवं. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याची ठासणीची बंदूक जून महिन्यात परत आली तेव्हा घोडा गंजून बसला होता. पावतीवर स्थितीची नोंद नव्हती, त्यामुळे त्याला काहीच म्हणता आलं नाही. जमा करण्याआधी नळीला तेलाचा हात फिरवून द्या.

नूतनीकरण आणि वारसा

मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. बंदूक ठाण्यात असताना मुदत संपत असेल तरी हे तुम्हालाच करायचं आहे, ठाणं आठवण करून देणार नाही.

कोकणात बहुतेक बंदुका वडिलोपार्जित आहेत. परवानाधारक वारला की त्या दिवसापासून घरातल्या कुणाचाही त्या बंदुकीवर कायदेशीर ताबा नसतो, मग ती खुंटीवर नुसती टांगलेली का असेना. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या आणि वारस म्हणून अर्ज करा. बाकी वारसांचं ना-हरकत पत्र आधीच तयार ठेवलेलं बरं. याहून चांगला मार्ग हयातीतच आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा त्याच्याकडे बंदूक २५ वर्षं असली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्या नावे मागू शकतो. वारसालाही पात्रतेच्या सगळ्या अटी लागू आहेतच. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर बंदूक घेऊन ती गावच्या घरात ठेवू नका. परवाना ज्याच्या नावे, बंदूक त्याच्याच ताब्यात हवी. गावात राहून शेत बघणारी सून किंवा मुलगी असेल तर तिचं नाव सुचवा. गेल्या वर्षी मी भरलेल्या वारसांच्या अर्जांतला एक अर्ज अशाच एका सुनेचा होता. तिच्या पंचनाम्यांची फाईल वाडीतल्या कुणाही पुरुषापेक्षा जाड निघाली.