घोडा ओठ चाटतो म्हणजे शरण आला का?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडेस्वारी शिकणारे आणि शिकवणारे दोघंही एक समज वर्षानुवर्षं सांगत आलेत. गोल रिंगणात घोडा पळवायचा. तो ओठ चाटत, तोंड हलवत तुमच्या मागे आला की त्याने तुम्हाला कळपाचा म्होरक्या मानलं. ‘नॅचरल हॉर्समनशिप’ची, म्हणजे घोड्याच्या नैसर्गिक वागण्यावर बेतलेली शिकवण्याची पद्धत बरेचजण याच खुणेवर निवडतात.

हे खरं नाही. इक्वेडोरमधल्या मोकाट घोड्यांच्या निरीक्षणात ही हालचाल प्रामुख्याने ताण ओसरताना दिसली, आणि वरचढ घोड्यांतही दिसली. मग शरणागती कुठली? सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी तर रिंगणात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरली. घोडे तिच्याही मागे जायला शिकले! गाडीला कोण म्होरक्या मानेल?

अशा पद्धतीत घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. पाऊल टाकताच लगाम सैल झाला, तर त्याला उत्तर कळतं. उशिरा सोडलात तर चुकीचंच शिकतो. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याला पळवून दमवणं मला क्रूर वाटतं, पळायचं तर त्याला आधीच शिकवलेलं असतं. म्हणून पद्धतीचं नाव विचारू नका. शिकवणारा दाब नेमका कधी सोडतो, ते कठड्याशी उभं राहून पाहा.