महिना झाला, आवाज सुटेना

यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तरी ओरडावं लागतं. त्यामुळे सोलापुरात बसलेल्या आवाजाचं कुणाला फारसं काही वाटत नाही. ज्येष्ठमध चघळायचं, गुळण्या करायच्या, पुन्हा मागावर उभं राहायचं. ओरडून बसलेला आवाज बहुधा काही दिवसांत सुटतोही. तीन-चार आठवड्यांनंतरही घोगराच राहिला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावं. तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच.

धास्ती असते कर्करोगाची, पण कधीकधी निघते एखादी दुर्मीळ साधी गाठ. त्यांतली सर्वांत चिवट म्हणजे पॅपिलोमा. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे स्वरतंतूंवर तुतीच्या फळासारखे पुंजके उगवतात. लहान मुलांना हा संसर्ग बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून होतो. मुलांची श्वासाची वाट मुळात अरुंद, त्यामुळे ‘कॅन्सर नाही’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. काही मुलांना तर दमा समजून औषधं चालू राहतात.

शस्त्रक्रिया भूल देऊन, तोंडातूनच होते. गळ्यावर टाका पडत नाही. मायक्रोस्कोपखाली लेझरने पुंजके काढतात. खरी कसोटी आहे ती कुठे थांबायचं याची. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात, ते वरच्या पातळ आवरणाखालच्या मऊ थरामुळे. तिथे व्रण राहिला, की गाठ जाते पण आवाज कायमचा बिघडतो. दोन्ही तंतू पुढे जिथे जुळतात, तिथे दोन्ही बाजू एकदम खरवडल्या तर त्या एकमेकींना चिकटतात. म्हणून जाणता सर्जन थोडं मुद्दाम शिल्लक ठेवतो. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरांनी काम अर्धवट सोडलं! विषाणू तर निरोगी दिसणाऱ्या आवरणातही दबा धरून असतो, त्यामुळे पुंजके पुन्हा उगवतात आणि पुन्हा काढावे लागतात. वारंवार उगवत असतील, तर काही ठिकाणी बेव्हासिझुमॅब हे रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध वापरतात.

कूर्चेची गाठ, म्हणजे कॉन्ड्रोमा, याहून दुर्मीळ. तिच्यावरचं आवरण गुळगुळीत असतं, त्यामुळे दुर्बिणीतून आतलं कळत नाही, सीटी स्कॅन लागतो. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही आणखी एक साधी गाठ तर वरून कर्करोगासारखीच दिसू शकते. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना एचपीव्हीची लस मिळू लागली आणि पुढे लहान मुलांमधला पॅपिलोमा झपाट्याने घटला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लशीतही ६ आणि ११ हे प्रकार आहेत. आधीच उगवलेले पुंजके मात्र ती विरघळवत नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियाच.