खाजगी जमिनीवरील संवर्धन निर्बंध : देखरेख आणि अंमलबजावणी (नाशिक परिसर)

जमीन खाजगी मालकीचीच राहते. पण तिच्यावरील झाडे, डोंगरउतार, पाणथळ भाग किंवा नदीकाठचा पट्टा टिकून राहावा, यासाठी मालकाच्या वापरावर कायद्याने मर्यादा येतात. त्या मर्यादा पाळल्या जातात की नाही हे पाहणे आणि मोडल्यास कारवाई करणे, या दोन्ही कामांचा विचार या नोंदीत केला आहे.

अमेरिकेत जमीनमालक स्वेच्छेने करार करून विकासाचा हक्क विश्वस्त संस्थेला देतो. हा करार पुढच्या खरेदीदारालाही बांधील असतो आणि संस्था जमिनीची नियमित, सहसा दरवर्षी, पाहणी करते. भारतात १८८२ च्या सुविधाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर चालणारा मर्यादित हक्क) कायद्यानुसार असा हक्क दुसऱ्या एखाद्या जमिनीच्या लाभासाठीच असू शकतो. त्यामुळे येथील निर्बंध मुख्यतः थेट कायद्यांतून येतात. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेली सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद हा याला महत्त्वाचा अपवाद आहे. या तरतुदीत खाजगी जमिनीचा मालक स्वतःहून पुढे येऊ शकतो.

नाशिक जिल्ह्यात हे निर्बंध एकाच जागी एकवटलेले नाहीत. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडील मालकी जमिनीवरचा साग किंवा खैर तोडायचा असल्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते. महापालिका हद्दीत १९७५ चा नागरी वृक्ष कायदा लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे वा त्याहून जुने झाड वारसावृक्ष ठरते आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. गोदावरीकाठी निळ्या पूररेषेच्या (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती रेषा) आत बांधकामास मनाई आहे. २००८ च्या महापुरानंतर हा प्रश्न शहरात विशेष तीव्र झाला. त्र्यंबकेश्वरजवळ, गोदावरीच्या उगमाच्या ब्रह्मगिरी परिसरातील उतारांवर मात्र प्रश्न उत्खननाचा असतो. एक पंचमांशाहून (पाच फूट अंतरात एक फूट चढ) तीव्र उतारावर बांधकामास विकास नियंत्रण नियमावलीत बंदी आहे, तर विनापरवाना मुरूम काढल्यास महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार दंड होतो आणि वाहनेही जप्त होतात. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याने तेथे प्रश्न पाणथळ भागाच्या रक्षणाचा असतो.

वनाच्या बाबतीत मालकीचा प्रश्न दुय्यम ठरतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि मालकी कोणाचीही असली तरी वनसंवर्धन कायदा लागू होतो, असे स्पष्ट केले. मात्र २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, केवळ वन कायद्याखालील जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन १९७५ च्या खाजगी वने (संपादन) अधिनियमाखाली खाजगी वन म्हणून शासनाकडे जात नाही. मालकाला नोटीस बजावली गेली होती का आणि कार्यवाही पुढे गेली का, हेही पाहावे लागते. कागद नीट ठेवण्याचे महत्त्व याहून स्पष्ट करणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात निर्बंधाची नोंद नसेल, तर खरेदीदाराला तो कळत नाही आणि तलाठ्यालाही फेरफार घेताना तो दिसत नाही. म्हणून देखरेखीची सुरुवात नोंदीपासून व्हायला हवी. त्यानंतर गरज असते ती मूळ स्थितीच्या पुराव्याची : भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, झाडांची गणना, तारखेसह छायाचित्रे, उपग्रहचित्रे. हा पुरावा नसेल तर ‘उतार आधीच कापलेला होता’ या बचावाला उत्तर उरत नाही. उपग्रहचित्रात उतारावरचा मोठा उघडा चर दिसतो. पण खैराचे तुटलेले एकेक खोड वनरक्षकाने पायी फिरूनच शोधावे लागते.

अंमलबजावणीत सर्वांत मोठी अडचण अधिकारांच्या विभागणीची आहे. एकाच गटात झाडे वनविभागाकडे, मुरूम तहसीलदाराकडे, बांधकाम नियोजन प्राधिकरणाकडे आणि पूररेषा जलसंपदा विभागाकडे येते. अशा वेळी संयुक्त पंचनामाच उपयोगी पडतो. दंड वसूल झाला तरी कापलेला डोंगर परत उभा राहत नाही, त्यामुळे पहिल्याच फेरीत काम थांबवणे हे नंतरच्या मोठ्या दंडापेक्षा अधिक मोलाचे आहे. पुण्यातील हरित लवादाकडे पर्यावरण किंवा वनसंवर्धन कायद्याखालील वाद नेता येतो, वन्यजीव कायद्याखालील मात्र नाही. असा वाद कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो आणि पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. म्हणून पंचनाम्यावरील तारीख निर्णायक ठरते.