एपिक्युरस चैनी नव्हता

‘खा, प्या, मजा करा’ ही ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसची शिकवण, असं सर्रास सांगितलं जातं. साफ चूक, आणि त्या माणसावर अन्यायही. इ.स.पू. ३०६च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये शाळेसाठी बाग घेतली. तिथे स्त्रिया आणि गुलामही शिकत. खाणं साधं, पाव आणि पाणी. एका मित्राला त्याने लिहिलं होतं: चीजचं छोटं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. देहाला वेदना नाही, मनाला घोर नाही, हेच त्याचं सुख. दारूच्या मैफली म्हणजे सुख नव्हे, हे त्याने मेनोइकेउस या शिष्याला पत्रात स्पष्ट बजावलंय. मग बदनामी कुठून आली? बरीचशी विरोधकांकडून. पंथ सोडून गेलेल्या टिमोक्रेटीसने तर, एपिक्युरस अति खाऊन दिवसातून दोनदा ओकतो, असंही पसरवलं.