एकबारी रायफल आणि खडकीचं काडतूस

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे देवघरात रिकाम्या पितळी काडतुसात उदबत्ती खोचलेली असते. उलटं करून पाहिलं तर बुडावर ‘केएफ’, म्हणजे किरकी फॅक्टरी. कारखाना 1869 चा. आजोबांची एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी, रायफल माळ्यावरून निघाली की लोक आधी विचारतात, नेम लागतो का? मी आधी विचारतो, काडतूस कुठून आणणार?

हे दुखणं जुनं आहे. ब्रिटिश सैन्यानं 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल घेतली. खालचा दांडा ओढायचा, मागून एक काडतूस सरकवायचं. .450 इंची नळी, 31 ग्रॅमची शिशाची गोळी, साडेपाच ग्रॅम काळी दारू. सुरुवातीची काडतुसं पितळी पत्र्याच्या गुंडाळीची होती. तापलेल्या नळीत ती रुतून बसत, 1885 मध्ये सुदानात सैनिकांना हे भोवलं. पुढे या रायफली वायव्य सरहद्दीच्या टोळ्यांकडेही पोचल्या. शिकारीच्या काडतुसातली गोळी उपसून त्यांत भरतील, या धास्तीनं सरकारनं 1907 च्या सुमारास .450 ची काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. विलायती बंदूकवाले वस्ताद, त्यांनी .465 आणि .470 मापाची काडतुसं काढून पळवाट शोधली. लष्करी .303 खासगी माणसाला वर्ज्य, म्हणून .315 आलं. काकांच्या उदबत्तीखालचं काडतूस तेच.

नेमाचं म्हणाल, तर नळी मापाची हवी. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून बाहेर काढतात आणि त्यावर उमटलेल्या आट्यांवरून (नळीच्या आतल्या पीळदार खाचांवरून) खरा व्यास मोजतात. कागदावरचं माप आणि झिजलेली नळी यांत फरक निघतोच. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत बिनधुराची दारू त्याच मापानं भरली, तर नळीच फुटायची. लाकडाकडे मात्र कुणी बघत नाही. अशा रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा. पुढचा तुकडा पुण्याच्या पावसाळ्यात फुगतो, नळीला खालून रेटतो आणि गोळी वर चढते. उन्हाळ्यात लावलेला नेम ऑगस्टमध्ये खोटा ठरतो, दोष बिचाऱ्या काडतुसावर.

स्वातंत्र्यानंतरही ती धास्ती कायद्यात उरलीच. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार काडतूस बनवायलाही परवाना लागतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या 1991 च्या दुरुस्तीनं शिकार संपली. परवान्याची रायफल दर दिवाळीला तेल पुसून कपाटात परत जाते.