घरी शिकणारं मूल इयत्तेच्या पुढे असेल तर कागदावर इयत्ता कोणती धरायची? एनआयओएस प्रवेश, वयाची अट आणि कागदपत्रं

मूल दहा वर्षांचं आहे, गणित आठवीचं करतंय, इंग्रजी पुस्तकं मोठ्यांची वाचतंय, पण मराठीत अर्धं पान लिहायला सांगितलं की पेन खाली ठेवतंय. मग हे कितवीत? होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांना हा प्रश्न नातेवाइकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे विचारतात आणि त्या दडपणाखाली बरेच जण घाईने काहीतरी ठरवून टाकतात. तर आधी हे लक्षात घ्या की घरी शिकताना इयत्ता कुठेही नोंदवावी लागत नाही. पहिल्यांदा ती खऱ्या अर्थाने लागते दहावीच्या परीक्षेला, आणि तिथे तुमचं मूल किती पुढे आहे हे कुणी बघत नाही, वय बघतात.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. यांच्या माध्यमिक, म्हणजे दहावीच्या कोर्सला प्रवेश घ्यायला वय १४ पूर्ण पाहिजे आणि उच्च माध्यमिक म्हणजे बारावीला १५. वरची मर्यादा नाही. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते ब्लॉकप्रमाणे, म्हणजे प्रवेशाच्या फेरीप्रमाणे, बदलतं (पहिल्या ब्लॉकची परीक्षा एप्रिल-मे, दुसऱ्याची ऑक्टोबर-नोव्हेंबर), त्यामुळे त्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस उघडून जन्मतारीख लावून बघा, दोन-चार दिवसांनी हुकलं तर पुढच्या ब्लॉकपर्यंत थांबावं लागतं. मूल कितीही हुशार असो, चौदाच्या आत फॉर्म भरता येत नाही, त्याला सूट नाही.

आता पात्रता. दहावीसाठी आठवी पासचं सर्टिफिकेट असेल तर ते जोडा, नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, म्हणजे माध्यमिक कोर्स करण्याइतका माझा अभ्यास झालेला आहे असं लिहून द्यायचं. कधीच शाळेत न गेलेल्या मुलांसाठी हीच सगळ्यात मोठी सोय आहे. एनआयओएसचीच मुक्त बेसिक शिक्षण योजना आहे, तिचे ए, बी, सी असे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष आहेत. हातात काहीतरी सर्टिफिकेट असावं असं वाटत असेल, किंवा मुलाला परीक्षेची सवय लावायची असेल तर जरूर करा, पण दहावीसाठी ती सक्तीची नाही.

कागदपत्रं म्हणाल तर जन्मदाखला, आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, मुलाची सही आणि वर सांगितलेलं आठवीचं सर्टिफिकेट किंवा स्वयंघोषणापत्र. सगळं ऑनलाइन अपलोड होतं. यात खरं काम जन्मदाखला आणि आधार जुळवण्याचं आहे, नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे, कारण दहावीच्या मार्कशीटवर जे छापून येईल तेच पुढे आयुष्यभर पुरावा म्हणून चालणार. मूल बारा वर्षांचं झालं की ही दुरुस्ती हातात घ्या. फॉर्ममध्येच अभ्यासकेंद्र आणि माध्यम निवडायचं असतं, मराठी माध्यम मिळतं.

विषय पाच लागतात, त्यात एक भाषा हवीच. सायन्सला जायची शक्यता असेल तर गणित आणि विज्ञान घेऊनच ठेवा. प्रवेश पाच वर्षं चालतो आणि नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, विषय वेगवेगळ्या वेळी देता येतात, म्हणजे जे पक्कं झालंय ते आधी द्या, लिखाणाचे विषय मागाहून. असमान वेगाने पुढे गेलेल्या मुलांना हे फार सोयीचं पडतं. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के वेटेज आहे, त्या वेळेत द्या.

महाराष्ट्र बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्मही (शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा) बरेच जण सुचवतात, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूल मधूनच शाळेतून काढलं असेल तर तो दाखला जपून ठेवा, कधी शाळेतच घातलं नसेल तर हा रस्ता अवघड आहे. वयाची अट नको असेल तर केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते, तिला किमान वय नाही, मात्र खर्च बराच जास्त आणि परीक्षा घेणारं सेंटर आपणच शोधायचं.

आणि लवकर दहावी करून पुढे काय, याचाही हिशोब आधीच करा. एनआयओएसमध्ये दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर धरलं जातं. नीटला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण लागतं, म्हणजे डॉक्टर व्हायचं असेल तर त्याआधीच बारावी होऊन काहीच मिळत नाही. जेईई मेनला वयाची अट नाही, तिथे गणित वेगळं.

मध्येच शाळेत परत घालायचं ठरलं तर आरटीई कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वरच्या वर्गात बसवा असा आग्रह धरायचा असेल तर मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल, आणि मुलाने सोडवलेले पेपर सोबत न्या, नुसतं तोंडी सांगून कुणी मानत नाही.

घरी लेव्हल ठरवायला माझ्या मते एकच पद्धत कामाची आहे, विषयवार. ज्या इयत्तेचं वाटतंय तिचा वर्षअखेरचा पूर्ण पेपर घड्याळ लावून, मदत न करता, हाताने लिहून सोडवायला द्या, असे दोन-तीन. ८० टक्क्यांच्या वर सहज येत असेल तर त्या विषयात पुढची इयत्ता धरा. तोंडी सगळं येतं पण तीन तास लिहवत नाही असं दिसलं तर विषय पुढे जाऊ द्या आणि लिहिण्याचा सराव वेगळा, रोज थोडा, सुरू करा, कारण एनआयओएसची थिअरी लिहूनच द्यायची असते. सोडवलेले पेपर तारीख टाकून एका फाइलमध्ये ठेवा, स्वयंघोषणापत्रावर सही करताना त्याच फाइलचा आधार असतो.