डिजिटल फाइल विक्रीला ठेवण्याआधी: चित्रकार, सुलेखनकार आणि रांगोळी कलाकारांसाठी माहितीपत्रक

एट्सी, गमरोड यांसारख्या ऑनलाइन बाजारपेठांवर रांगोळीचे नमुने, सुलेखन, सरावपत्रिका विकणाऱ्या कलाकारांची मूळ चित्रं आम्ही पुण्यात स्कॅन करतो आणि त्यांच्या विक्रीयोग्य फाइली बनवून देतो. चित्र घेऊन येण्याआधी हे पत्रक एकदा वाचा. पुन्हा स्कॅन करायची वेळ बहुतेकदा इथे सांगितलेल्या कारणांनीच येते.

मूळ चित्र

ए४ चित्र आम्ही ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करतो. त्यातून सुमारे ४९६० × ७०१६ पिक्सेल मिळतात, म्हणजे ग्राहकाला तेच चित्र ए२ मापापर्यंत ३०० डीपीआयने स्वच्छ छापता येतं. फोनवर काढलेल्या फोटोत कडा तिरक्या येतात आणि एका बाजूला उजेड जास्त पडतो, म्हणून चित्रच आणा.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेच्या कागदासारखा खरखरीत कागद वापरला असेल तर आधी कळवा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो आणि कागदाच्या पोताची सावली चित्रात उतरते. असं चित्र उलट-सुलट दिशेने दोनदा स्कॅन करून जोडावं लागतं, वेळ दुप्पट लागतो. सोनेरी आणि चंदेरी शाई स्कॅनमध्ये मळकट तपकिरी किंवा करडी दिसते. त्यावर स्कॅनिंगमध्ये इलाज नाही, तो भाग नंतर संगणकावर रंगवावा लागतो. लॅमिनेशन करू नका, काचेवर चमक येते. पावसाळ्यात चित्र गुंडाळून आणण्यापेक्षा दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, वरून प्लास्टिक घालून आणा.

फाइल

६०० डीपीआयची मूळ टिफ फाइल (स्कॅनमधला सगळा तपशील जपणारी मोठी फाइल) १०० एमबीच्या आसपास जाते. एट्सीवर एका वस्तूला जास्तीत जास्त ५ फाइली आणि प्रत्येकी २० एमबी एवढीच मुभा आहे. म्हणून विक्रीसाठी जेपीजी आणि पीडीएफ वेगळ्या करतो. टिफ तुमच्याकडे जपून ठेवा, कुणालाही देऊ नका.

अमेरिकेतला ग्राहक ए४ वापरत नाही. तिथला लेटर कागद २१५.९ × २७९.४ मिमी असतो, ए४ पेक्षा सुमारे ६ मिमी रुंद आणि १७ मिमीपेक्षा जास्त आखूड. फक्त ए४ फाइल दिली तर छापताना एकतर खालचा भाग कापला जातो किंवा सगळं आकाराने लहान होतं. भिंतीवरच्या चित्राला हे चालून जाईल. भरतकामाच्या किंवा कापणीच्या नमुन्यात माप चुकलं की काम वाया जातं. दोन्ही मापं द्या, आणि नमुन्याच्या पानावर ५० मिमीचा एक चौकोन ठेवा, म्हणजे छापल्यावर ग्राहकाला पट्टीने माप तपासता येईल.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा. झिप उघडताना काही संगणकांवर देवनागरी नावांचे निरर्थक चौकोन होतात, आणि ग्राहक फाइल खराब आहे म्हणून पैसे परत मागतो.

श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ज्यांच्याकडे तो फाँट नाही त्यांना वाचता येत नाही. मजकूर फक्त छापायचा असेल तर अक्षरांचं रेखाकृतीत रूपांतर करून देतो. ग्राहकाने नाव-तारीख बदलायची असेल तर युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) हवा. मुक्ता आणि बालू हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, ते व्यावसायिक कामात चालतात.

किंमत

इथे बरेच कलाकार स्वतःचं नुकसान करून घेतात. गमरोडवर तुमच्या थेट दुव्यावरून झालेल्या विक्रीत १० टक्के आणि वर ५० सेंट जातात. म्हणजे १ डॉलरच्या नमुन्यात ६० सेंट तिथेच गेले. ५ डॉलरच्या संचात १ डॉलर जातो. तीच विक्री गमरोडच्या स्वतःच्या शोधयादीतून झाली तर ३० टक्के, म्हणजे दीड डॉलर. एट्सीवर वस्तू मांडायला २० सेंट लागतात (४ महिन्यांसाठी) आणि विक्रीवर ६.५ टक्के, पैसे वळते करण्याचा आकार वेगळा. दर बदलतात, मांडण्याच्या दिवशी पुन्हा बघा. आमचा आग्रह एवढाच की सुटे नमुने विकू नका. १० ते १२ नमुन्यांचा संच करा.

पैसे आणि कर

१ एप्रिल २०२१ पासून पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्या-घेण्याची सेवा बंद केली आहे. परदेशी ग्राहकासाठी ते चालेल, पण कोथरूडच्या ग्राहकासाठी यूपीआय घेणारी वेगळी सोय लागेल. सेवांसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे, आणि त्यात एकाच पॅनवरचा शिकवणीवर्ग, प्रदर्शनातली विक्री, परदेशातली विक्री सगळं धरलं जातं. नोंदणी असेल तर परदेशी विक्रीवर कर न भरण्यासाठी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. तुमच्या सीएंना विचारा.

हक्क

कुणी पैसे देऊन तुमच्याकडून काढून घेतलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सहसा त्या व्यक्तीच्या मालकीचं ठरतं. अशा चित्राची फाइल विकायची तर लेखी परवानगी आणा. ती नसेल तर आम्ही काम घेत नाही.

फाइली तयार झाल्यावर आम्ही आधी तपासणीसाठी एक नमुना पाठवतो. तो फोनवर पाहून होकार देऊ नका. ए४ कागदावर १०० टक्के मापात छापा, ५० मिमीचा चौकोन पट्टीने मोजा, आणि मगच कळवा.